पूलमधल्या कनेक्शनमधून डेटाबेसच्या खास सोयी वापरायच्या तर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्प्रिंग बूटचं ॲप्लिकेशन आहे, खाली पोस्टग्रेस आहे आणि कनेक्शन पूल (डेटाबेसच्या उघड्या जोडण्या राखून पुन्हा पुन्हा वापरायला देणारी लायब्ररी) हिकारीसीपीचा आहे. काही लाख ओळी टेबलमध्ये भरायच्या आहेत, म्हणून पोस्टग्रेसची एकदम ढीगभर ओळी भरणारी ‘कॉपी’ ही कमांड ड्रायव्हरच्या (जावा आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या लायब्ररीच्या) कॉपीमॅनेजरमधून वापरायची आहे. त्यासाठी पूलकडून मिळालेलं कनेक्शन तुम्ही पीजीकनेक्शनमध्ये कास्ट केलंत आणि क्लासकास्टएक्सेप्शन आलं. एक सहकारी म्हणतो, रिफ्लेक्शनने (क्लासच्या खाजगी भागात डोकावण्याच्या जावाच्या सोयीने) हिकारीच्या आतलं मूळ कनेक्शन बाहेर काढ. दुसरा म्हणतो, पूल सोडून दे आणि ड्रायव्हरमॅनेजरकडून वेगळं कनेक्शन घे. आणि तुम्हाला स्वतःला शंका आहे की हे केलं तर कोड कायमचा पोस्टग्रेसला बांधला जाईल.

कास्टऐवजी ‘अनरॅप’ मेथड वापरा, एवढ्याने तुमचं एक्सेप्शन जाईल. पण इथे थांबलात तर पुढे कधीतरी अर्धवट डेटा कमिट (पक्का) झालेला दिसेल आणि कारण सापडणार नाही. रॅपर, म्हणजे पूलने मूळ कनेक्शनभोवती चढवलेलं आवरण, उघडणं एका ओळीचं काम आहे. रॅपर तुमच्या वतीने काय काय लक्षात ठेवत होता, आणि त्याला वळसा घातल्यावर ते कोणी लक्षात ठेवायचं, खरा प्रश्न तो आहे. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

आधी कास्ट का फसतो ते. पूल तुम्हाला ड्रायव्हरचं कनेक्शन देतच नाही. तो स्वतःच्या प्रॉक्सी (मूळ ऑब्जेक्टच्या जागी उभा राहणाऱ्या) क्लासचा ऑब्जेक्ट देतो, हाच तो रॅपर. हा ऑब्जेक्ट जावाचा प्रमाणित कनेक्शन इंटरफेस पाळतो, पण पोस्टग्रेसचा पीजीकनेक्शन इंटरफेस पाळत नाही. असं करायला त्याच्याकडे कारण आहे: तुम्ही क्लोज म्हणालात की प्रत्यक्ष सॉकेट बंद न करता कनेक्शन पूलमध्ये परत न्यायचं असतं. त्यावर क्वेरी लॉग करणारी एखादी लायब्ररी असेल तर आणखी एक थर, आणि स्प्रिंगचा जेडीबीसीटेम्प्लेट कॉलबॅकमध्ये कनेक्शन देताना क्लोज अडवणारा स्वतःचा प्रॉक्सी चढवतो तो वेगळाच. किती थर आहेत हे कोड लिहिणाऱ्याला माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नसावी.

जुन्या काळी मात्र ती गरज होती. प्रत्येक पूलची आत शिरण्याची वाट निराळी. अपाचे डीबीसीपीमध्ये सर्वांत आतला डेलिगेट मागायचा आणि त्यासाठी एक सेटिंग मुद्दाम चालू करायचं, कारण ते मुळात बंद असतं. सी३पी०मध्ये मूळ कनेक्शनवर चालवायची मेथड रिफ्लेक्शनने पूलच्या हवाली करायची. जेबॉसची मेथड वेगळी, वेबलॉजिकची वेगळी. स्प्रिंगने या सगळ्यांवर उतारा म्हणून नेटिव्हजेडीबीसीएक्स्ट्रॅक्टर नावाचा इंटरफेस ठेवला होता आणि पूलनुसार त्याची वेगवेगळी अंमलबजावणी निवडावी लागे. २००६च्या डिसेंबरमध्ये जावा ६ बरोबर जेडीबीसीची (जावातून डेटाबेस वापरण्याच्या मानकाची) ४.० आवृत्ती आली, त्यात रॅपर नावाचा इंटरफेस आला आणि कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट, डेटासोर्स या सगळ्यांना ‘अनरॅप’ आणि ‘इजरॅपरफॉर’ या दोन मेथड मिळाल्या. २०१७मध्ये स्प्रिंग ५ने आपला एक्स्ट्रॅक्टर काढूनच टाकला. तेव्हा शोधताना एक्स्ट्रॅक्टर वापरायला सांगणारं उत्तर सापडलं तर ते मागच्या पिढीचं आहे असं समजा.

रिफ्लेक्शनचा सल्ला त्याच काळातला अवशेष आहे. पूलच्या आतल्या फील्डचं नाव हा करार नाही, पुढच्या आवृत्तीत ते बदललं तर कंपायलर काही बोलणार नाही. शिवाय मध्ये एखादा थर वाढला की तुम्ही चुकीच्याच ऑब्जेक्टमध्ये फील्ड शोधत बसाल. अनरॅप मात्र थरामागून थर विचारत खाली जातं. तो सल्ला सोडून द्या.

आता अनरॅप करताना नेमकं काय मागायचं? ड्रायव्हरने जाहीर केलेला इंटरफेस मागा, आतला क्लास मागू नका. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये हा सापळा फार गमतीशीर आहे. इंटरफेस आणि त्याची अंमलबजावणी करणारा क्लास या दोघांचं नाव पीजीकनेक्शनच आहे, फरक फक्त ‘जी’ मोठा की लहान एवढा. आयडीई दोन्ही सुचवते. इंटरफेस मुख्य पॅकेजमध्ये आहे, क्लास त्याखालच्या जेडीबीसी पॅकेजमध्ये. इम्पोर्टची ओळ एकदा डोळे उघडे ठेवून वाचा. ओरॅकलमध्येही ओरॅकलकनेक्शन हा इंटरफेस मागायचा, डीबगरमध्ये दिसणारा टी४सीकनेक्शन क्लास नाही. आतल्या गोष्टींवर विसंबलं की काय होतं याचं उदाहरण मायएसक्यूएलमध्ये आहे: कनेक्टर/जेच्या ८व्या आवृत्तीत पॅकेजची नावं बदलली आणि जुन्या क्लासांची नावं कोडमध्ये लिहून ठेवलेल्यांना ती सगळी शोधून बदलावी लागली.

आणखी एक चूक बऱ्याच कोडमध्ये दिसते: प्रमाणित कनेक्शन इंटरफेसच देऊन अनरॅप करणं, म्हणजे ‘मला मूळ कनेक्शन दे’ या अर्थाने. जेडीबीसीचा करार म्हणतो की विचारलेला ऑब्जेक्ट स्वतःच तो इंटरफेस पाळत असेल तर तो स्वतःलाच परत करू शकतो. डीबीसीपी २ तसंच करतो, रॅपरच परत देतो. हिकारी आधी आतल्या कनेक्शनकडे बघतो, त्यामुळे तो खरोखर मूळ कनेक्शन देतो. एकच ओळ, दोन पूल, दोन निकाल. ड्रायव्हरचा विशिष्ट इंटरफेस मागितला की हा घोळ उरत नाही.

एक किरकोळ अडचण लगेच येईल ती सांगून ठेवतो. स्प्रिंगच्या प्रोजेक्ट जनरेटरने पोस्टग्रेसचा ड्रायव्हर ‘रनटाइम’ स्कोपमध्ये टाकलेला असतो, म्हणून पीजीकनेक्शन कंपाइलच होणार नाही. तो स्कोप काढावा लागेल. आपण खास पोस्टग्रेसवर अवलंबून आहोत याची ती प्रामाणिक नोंद आहे, लपवण्यासारखं काही नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हिकारी कनेक्शन परत घेताना ते स्वच्छ करून ठेवतो, हे आपण गृहीत धरतो. पण तो प्रत्येक वेळी सगळं पुसत नाही. ते फार महाग पडेल. तो फक्त आपल्या प्रॉक्सीमधून जे बदललं गेलं त्याची खूण ठेवतो: ऑटोकमिट (प्रत्येक कमांड लगेच पक्की करणं), रीडओन्ली, आयसोलेशन, कॅटलॉग, स्कीमा, नेटवर्क टाइमआउट. परत येताना जिथे खूण असेल तेवढंच पूर्ववत करतो. तसंच, ऑटोकमिट बंद असताना प्रॉक्सीच्या स्टेटमेंटमधून काही चाललं तर ‘इथे कमिट न झालेलं काम असू शकतं’ अशी खूण करतो, आणि ती खूण असेल तरच क्लोजच्या वेळी रोलबॅक (कमिट न झालेलं काम मागे घेण्याचा आदेश) पाठवतो.

तुमची कॉपी प्रॉक्सीमधून जाणारच नाही. ती अनरॅप केलेल्या कनेक्शनवरून जाईल. म्हणजे हिकारीच्या दृष्टीने या कनेक्शनवर काहीच घडलेलं नाही.

याचा परिणाम एका प्रसंगाने बघा. तुम्ही पूलकडून कनेक्शन घेतलंत, रॅपरवरच ऑटोकमिट बंद केलंत, मग अनरॅप करून एका टेबलमध्ये कॉपी केली, दुसऱ्या टेबलमध्येही कॉपी केली. दोन्ही यशस्वी. तिसऱ्या फाइलची ओळ वाचताना तुमच्याच जावा कोडमध्ये एक्सेप्शन आलं. ट्राय-विथ-रिसोर्सेसने रॅपर क्लोज केला. तुमची अपेक्षा: रोलबॅक होईल. हिकारी बघतो, काम झाल्याची खूण नाही, म्हणून रोलबॅक पाठवत नाही. पुढे बघतो, ऑटोकमिट बदलल्याची खूण आहे, म्हणून ते पुन्हा चालू करतो. आणि जेडीबीसीचा नियम असा की ट्रान्झॅक्शन मध्यावर असताना ऑटोकमिटची स्थिती बदलली तर ते ट्रान्झॅक्शन कमिट होतं. दोन टेबलं भरलेली, तिसरं रिकामं, लॉगमध्ये फक्त फाइल वाचताना आलेली चूक. एखाद्याने हा बग शोधायला कुठून सुरुवात करावी?

याचं दुसरं रूप त्याहून वाईट. पूलच्या सेटिंगमध्येच ऑटोकमिट बंद ठेवलेलं असेल तर पूर्ववत करण्यासारखं काहीच नसतं. ट्रान्झॅक्शन उघडं राहून कनेक्शन पूलमध्ये जातं. पुढच्याने ते घेतलं, आपलं छोटंसं काम केलं आणि कमिट म्हणाला, तर त्याच्याबरोबर तुमचा अर्धवट डेटाही कमिट. त्याने रोलबॅक केलं तर तुमचा गेला. कोणीच घेतलं नाही तर पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये ते ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणून पडून राहतं, लॉक धरून.

हे सगळं तुम्हाला लागू होतं का? परिस्थितीवर आहे. स्प्रिंगच्या ‘ट्रान्झॅक्शनल’ या ॲनोटेशनच्या आत काम चालत असेल आणि तुम्ही तेच कनेक्शन वापरत असाल तर एक्सेप्शन आल्यावर स्प्रिंग स्वतः रॅपरवर रोलबॅक बोलावतो. स्पष्टपणे बोलावलेला रोलबॅक हिकारी न अडवता खाली पाठवतो, खुणा बघत नाही. तिथे तुम्ही सुरक्षित आहात. एक्सेप्शन रनटाइम प्रकारचं हवं, एवढंच; चेक्ड एक्सेप्शनवर स्प्रिंग मुळात रोलबॅक करत नाही, आणि कॉपीमॅनेजर तर आयओएक्सेप्शनही फेकतो. ते रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळा किंवा रोलबॅकचा नियम स्पष्ट लिहा. ट्रान्झॅक्शन तुम्ही हाताने चालवत असाल तर मात्र कॅचमध्ये रोलबॅक स्वतः लिहा. पूल करेल या भरवशावर राहू नका.

यावरून मी स्वतःच्या कामात जी शिस्त पाळतो ती अशी: अनरॅप केलेल्या ऑब्जेक्टकडून फक्त ती एक जास्तीची सोय घ्यायची, बाकी प्रत्येक गोष्ट रॅपरमार्फतच. कमिट, रोलबॅक, ऑटोकमिट, आयसोलेशन, साध्या क्वेरी, सगळं. पीजीकनेक्शन हा इंटरफेस इथे मदतच करतो, कारण तो प्रमाणित कनेक्शन इंटरफेसपासून आलेला नाही. त्यावर कमिट किंवा क्लोज या मेथडच नाहीत, त्यामुळे चूक करायला वाव कमी. ओरॅकलकनेक्शन मात्र प्रमाणित इंटरफेसचाच विस्तार आहे. तिथे सगळ्या मेथड समोर दिसतात आणि हात सहज जातो.

मूळ कनेक्शन चुकून क्लोज केलं तर काय होतं? प्रत्यक्ष जोडणी तुटते, हिकारीला पत्ता नसतो. कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तो तपासतो खरा, पण नुकतंच, म्हणजे ५०० मिलिसेकंदांच्या आत वापरलेलं असेल तर तपासणी टाळतो. म्हणून कमी वर्दळीत सगळं ठीक चालतं आणि गर्दी झाली की भलत्याच कोणाला ‘कनेक्शन बंद आहे’ असं एक्सेप्शन मिळतं. आणि मूळ ऑब्जेक्ट कधीही क्लासच्या फील्डमध्ये साठवू नका. रॅपर परत गेल्यावर स्वतःला बाद करून घेतो, त्यामुळे त्याचा जुना संदर्भ निरुपद्रवी असतो. मूळ कनेक्शनचा संदर्भ मात्र जिवंत राहतो, आणि तेच कनेक्शन तोवर दुसऱ्या थ्रेडच्या हातात गेलेलं असतं.

सेशनची स्थिती हा याच कुळातला प्रश्न. सर्च_पाथ बदलला, रोल बदलला, टाइमआउट लावला, हे एसक्यूएलमधून केलं तर पूलला काहीही कळत नाही, मग ते रॅपरमधून केलेलं असो की मूळ कनेक्शनवरून. पोस्टग्रेसमध्ये शक्य तिथे ‘सेट लोकल’ वापरा. ट्रान्झॅक्शन संपलं की ते आपोआप जातं. कॉपीसाठी वेळेची मर्यादाही अशीच लावा, कारण स्टेटमेंटवर लावलेला क्वेरी टाइमआउट कॉपीमॅनेजरला लागू होत नाही. आणि जे पूर्ववत करता येईल याची खात्री नाही असं काही केलंत, तर हिकारीच्या डेटासोर्सवर कनेक्शन बाद करण्याची ‘इव्हिक्टकनेक्शन’ मेथड आहे. ती बोलावा आणि मोकळे व्हा. नवीन जोडणीचा खर्च परवडतो. वेबलॉजिकचं तर मूळ धोरणच हे आहे: ॲप्लिकेशनने ड्रायव्हरचं कनेक्शन हातात घेतलं की परत आल्यावर ते पूलमधून काढून टाकायचं. हे सेटिंग बंद करता येतं, पण बंद करणाऱ्याने जबाबदारी आपल्यावर घेतली असं समजायचं. पूल बनवणारे या प्रकाराकडे किती संशयाने बघतात ते यावरून कळेल.

पुढचा मुद्दा: कोणतं कनेक्शन अनरॅप करताय? ट्रान्झॅक्शनल मेथडच्या आत डेटासोर्सकडून थेट कनेक्शन मागितलं तर साधारणपणे दुसरंच कनेक्शन मिळतं. चालू ट्रान्झॅक्शनचं नाही. मग त्याच मेथडमध्ये आधी टाकलेली पालक टेबलची ओळ कॉपीला दिसत नाही आणि फॉरेन कीची तपासणी फसून चूक येते: ती ओळ पहिलं ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत दिसणार नाही, आणि ते संपणार कॉपी झाल्यावर. शिवाय प्रत्येक रिक्वेस्ट दोन कनेक्शन अडवते, म्हणून गर्दीत सगळे थ्रेड दुसऱ्या कनेक्शनची वाट बघत पूलच्या दारात अडकतात. तेव्हा जेडीबीसीटेम्प्लेटच्या एक्झिक्यूटला कनेक्शन कॉलबॅक द्या आणि त्या कॉलबॅकच्या आतच अनरॅप करा. हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची जुळणी करणारी लायब्ररी) वापरत असाल तर एंटिटीमॅनेजरकडून सेशन मिळवून त्याच्या ‘डूवर्क’मध्ये हेच करता येतं. तिथे कॉपीच्या आधी फ्लश बोलावायला विसरू नका, नाहीतर हायबरनेटच्या पोटात असलेल्या ओळी डेटाबेसपर्यंत पोहोचलेल्याच नसतील. कॉपीने भरलेल्या ओळींची हायबरनेटला काही कल्पना नसते हेही ओघाने आलं.

इंटरफेस बरोबर आहे, अनरॅपही लिहिलंय, तरी ‘पीजीकनेक्शनचं पीजीकनेक्शनमध्ये रूपांतर होत नाही’ अशा अर्थाची वेडगळ चूक येत असेल, तर पूलवरचा संशय सोडा आणि क्लासलोडर बघा. ॲप्लिकेशन सर्व्हरवर हे नेहमीचं. ड्रायव्हरची जार सर्व्हरच्या लायब्ररीतही आहे आणि तुमच्या वॉर फाइलमध्येही. डेटासोर्स सर्व्हरने बनवलाय, म्हणून त्यातला इंटरफेस सर्व्हरच्या लोडरचा. तुमच्या कोडमधला वॉरच्या लोडरचा. जावाला नाव सारखं असून पुरत नाही, लोडरही तोच लागतो. जार फक्त सर्व्हरमध्ये ठेवा आणि मेव्हनमध्ये तिला ‘प्रोव्हायडेड’ स्कोप द्या. स्प्रिंग बूटची एकच जार बनवून चालवत असाल तर हा परिच्छेद विसरा.

आता उलट बाजू. अनरॅपची खरंच गरज आहे का? माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रश्नांपैकी बऱ्याच ठिकाणी ती नसते. लाख-दोन लाख ओळी कधीतरी भरायच्या असतील तर आधी साधा बॅच इन्सर्ट घ्या आणि जोडणीच्या यूआरएलमध्ये ‘रीराइटबॅच्डइन्सर्ट्स’ हा गुणधर्म चालू करा. ड्रायव्हर अनेक इन्सर्ट एकत्र करून पाठवतो आणि बऱ्याच कामांना तेवढा वेग पुरतो. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्येही असाच गुणधर्म आहे, आणि एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरमध्ये तर बॅच इन्सर्ट आतल्या आत बल्क कॉपीने करणारा गुणधर्म आहे. तिन्ही ठिकाणी कोड प्रमाणित जेडीबीसीचाच राहतो. ओरॅकलमध्ये सेशनवर मॉड्यूल आणि ॲक्शनचं नाव लावायला लोक अजून ओरॅकलकनेक्शन उघडतात. ते आता प्रमाणित ‘सेटक्लायंटइन्फो’ने होतं. ॲरे पाठवायचा असेल तर पोस्टग्रेसमध्ये प्रमाणित ‘क्रिएटॲरेऑफ’ चालतं. ओरॅकलमध्ये ते चालत नाही, कारण तिथे ॲरेला नाव असलेला टाइप लागतो. तिथे ओरॅकलकनेक्शनच्या खास मेथडशिवाय इलाज नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हा: ड्रायव्हरने हीच सोय एखाद्या प्रमाणित दरवाजातून दिली आहे का? आधी बॅच मोजा, न पुरल्यास कॉपीकडे वळा.

तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याचा सल्ला, वेगळं कनेक्शन घ्यायचा, मी पूर्ण मोडीत काढणार नाही. कॉपीसाठी तो गैर आहे, कारण तुम्हाला बाकीच्या कामाबरोबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये राहायचं आहे. पण पोस्टग्रेसच्या लिसन-नोटिफायसाठी (ऐकत बसलेल्या कनेक्शनला संदेश पाठवण्याच्या सोयीसाठी) तोच बरोबर. ऐकणारं कनेक्शन तासन्तास धरून ठेवावं लागतं, लिसन सेशनला चिकटलेलं असतं, आणि असं कनेक्शन पूलमधून उसनं घेणं म्हणजे पूलची एक जागा कायमची अडवणं. त्याहून वाईट म्हणजे लिसन करून परत ठेवणं. मध्ये पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससमोर वेगळा चालणारा पूल) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर लिसन चालतच नाही. त्या कनेक्शनला थेट डेटाबेसकडे जाऊ द्या.

राहिली ती पोस्टग्रेसला बांधलं जाण्याची भीती. कॉपी वापरायची ठरवलीत तेव्हाच बांधले गेलात, अनरॅपमुळे त्यात भर पडत नाही. ती गाठ किती जागी मारायची एवढंच तुमच्या हातात आहे. मी ‘ओळी भरणारा’ असा एक छोटा इंटरफेस करतो. त्याला टेबल आणि ओळींचा इटरेटर द्यायचा, किती ओळी गेल्या तो आकडा परत घ्यायचा. कनेक्शन, पीजीकनेक्शन, कॉपीमॅनेजर यांपैकी काहीही त्याच्या मेथडच्या सहीमध्ये दिसता कामा नये. पोस्टग्रेसची अंमलबजावणी एका क्लासमध्ये, आणि प्रोजेक्टमध्ये ड्रायव्हरचा इम्पोर्ट असलेली ती एकमेव फाइल. उद्या ओरॅकल आलंच तर दुसरा क्लास लिहायचा.

इथे अनेकजण ‘इजरॅपरफॉर’ने विचारून, पोस्टग्रेस असेल तर कॉपी आणि नसेल तर बॅच, अशी पर्यायी वाट ठेवतात. मला ती आवडत नाही, निदान तुमच्यासारख्या ठिकाणी तरी. टेस्ट एच२ या छोट्या, मेमरीतही चालणाऱ्या डेटाबेसवर चालतात, प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येतं, बॅचची वाट हिरवी होते, आणि कॉपीचा कोड प्रथम चालतो तो प्रॉडक्शनमध्ये. पर्यायी वाट खरोखर दोन डेटाबेसांवर विकलं जाणारं उत्पादन असेल तरच ठेवा. बाकी ठिकाणी थेट अनरॅप करा आणि जमलं नाही तर एक्सेप्शन येऊ द्या. चुकीचा डेटासोर्स जोडला गेलाय हे तेव्हाच्या तेव्हा कळतं. टेस्टसाठी टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने कंटेनरमध्ये खरा पोस्टग्रेस उभा करा.

कोडचा क्रम असा ठेवा. सर्व्हिसची मेथड ट्रान्झॅक्शनल. आत आधी फ्लश, हायबरनेट असेल तर. मग जेडीबीसीटेम्प्लेटचा कनेक्शन कॉलबॅक, त्यात पीजीकनेक्शन इंटरफेस मागून अनरॅप, त्याच ओळीत पुढे कॉपी एपीआय मागायचा म्हणजे मूळ ऑब्जेक्टला स्वतंत्र व्हेरिएबल लागतच नाही. कॉपीमॅनेजरला रीडर किंवा इनपुटस्ट्रीम देणारी मेथड वापरा. मध्येच चूक झाली तर ती मेथड चालू कॉपी स्वतः रद्द करते. तुकड्या-तुकड्याने लिहायची खालच्या पातळीची मेथड घेतलीत तर रद्द करणं तुमच्याकडे येतं, आणि ते राहिलं तर कनेक्शन कॉपीच्या अवस्थेतच अडकतं. फॉरमॅट सीएसव्ही ठेवा. टेक्स्ट फॉरमॅटमध्ये टॅब, बॅकस्लॅश आणि नलची खूण हे सगळं स्वतः सांभाळावं लागतं.

आणि एक टेस्ट नक्की लिहा. दोन टेबलांत कॉपी करायची, मग मुद्दाम एक्सेप्शन फेकायचं, आणि मेथड संपल्यावर वेगळ्या कनेक्शनवरून दोन्ही टेबलांतल्या ओळी मोजायच्या. दोन्हीकडे शून्य यायला हवं. ही टेस्ट पूलसकट चालवा, प्रॉडक्शनमध्ये असेल त्याच ऑटोकमिट सेटिंगवर. ड्रायव्हरच्या साध्या डेटासोर्सवर ती नेहमीच पास होईल, कारण तिथे क्लोज म्हणजे जोडणीच तुटते.

ट्रान्झॅक्शन तुम्ही हाताने चालवता की स्प्रिंगवर सोपवता, आणि पूलचं ऑटोकमिट सेटिंग काय आहे, हे प्रश्नात नव्हतं. ते कळवलंत तर वरच्यापैकी कोणता धोका तुमच्याकडे आत्ता खरोखर आहे ते नेमकं सांगता येईल.